एका ट्रॅकवर आजोबा, दुसऱ्यावर मावशी



घरात आजीचे सहस्रचंद्रदर्शन ठरले किंवा आजोबांची पंचाहत्तरी आली, की एक काम हमखास तरुण मंडळींच्या अंगावर येते. "तुला कॉम्प्युटरमधले कळते ना? मग सगळ्यांचे आवाज जोडून काहीतरी छान करून दे," असे सांगून काका मोकळे होतात. पुढचे पंधरा दिवस व्हॉट्सॲपवर फाइलींचा पाऊस पडतो. माळव्यातल्या आपल्या घरांत तर तो चारी दिशांनी पडतो. धार आणि देवासच्या पवारांच्या संस्थानांबरोबर, इंदूरच्या होळकरांबरोबर आलेली घराणी इथे दोन-अडीचशे वर्षांची. कायनेटिक होंडा, बजाज टेम्पो अशा पुण्याशी नाते असलेल्या कारखान्यांनी पीथमपुरात शेड उभारल्या, तेव्हा नोकरीनिमित्त आलेली घरे त्यामानाने नवी. दोन्हींचे नातेवाईक पुण्या-नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले. प्रत्येकाचा फोन वेगळा आणि प्रत्येकाची फाइलही वेगळी.

या वेळच्या स्तंभात त्या फाइली एकत्र कशा नांदवायच्या ते पाहू. काम अवघड नाही. पण एक-दोन गोष्टी माहीत नसतील, तर सगळी मेहनत करूनही आजोबांचा आवाज आजोबांचा राहत नाही.

समजा, तुमच्याकडे पाच फाइली आल्या आहेत. पहिली, आजोबांनी ऐंशीच्या दशकात घरच्या टेपवर भरलेल्या भजनाची कॅसेट, जी मागे कुणीतरी सीडीवर उतरवून ठेवली होती. दुसरी, देवासच्या मावशीची व्हॉइस नोट. तिसरी, पुण्याच्या मामेभावाने पेटी वाजवतानाचा पाठवलेला व्हिडिओ. चौथी, अमेरिकेतल्या आत्याने आयफोनवर भरलेली एम४ए फाइल. आणि पाचवी, जुन्या साध्या मोबाइलमधून निघालेली एएमआर फाइल, ज्यात आजी कुणाला तरी पुरणाचे प्रमाण सांगते आहे. पाचही फाइली तुम्ही ऑडॅसिटी, रीपर किंवा आर्डरसारख्या एडिटरमध्ये एकाखाली एक मांडता, प्ले दाबता, आणि काहीतरी खटकते.

का खटकते, ते आधी समजून घेऊ.

नट एक, आटे वेगळे

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाची सलग नोंद नसते. हवेतल्या कंपनांचे माप यंत्र सेकंदाला ठराविक वेळा घेते आणि ते आकडे ओळीने लिहून ठेवते. सेकंदाला किती वेळा माप घेतले, त्याला सॅम्पल रेट म्हणतात. सीडीवर तो ४४,१०० असतो. व्हिडिओच्या आवाजात बहुधा ४८,००० असतो. जुन्या मोबाइलच्या एएमआर फाइलीत फक्त ८,०००.

पीथमपुरात ज्यांच्या घरातले कुणी शॉप फ्लोअरवर आहे, त्यांना हे पटकन कळेल. मेट्रिक बोल्टवर इंची नट एखाद-दोन आटे चढतो आणि मग अडकतो. दोन्ही नट-बोल्टच असतात, पण आट्यांमधले अंतर वेगळे असते. ४४,१०० आणि ४८,००० यांचे गुणोत्तर काढले तर ते १४७ ला १६० येते. इतक्या दातांचे दोन गिअर एकमेकांत बसवले, तर दोघांचा वेग कधीच सारखा होणार नाही. ध्वनीचेही तसेच होते.

मग जगाने एकच आकडा का ठरवला नाही? कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या घरांतून आले. सत्तरच्या दशकात डिजिटल आवाज साठवायला लागणारी प्रचंड जागा फक्त व्हिडिओ टेपवर मिळत असे. म्हणून आवाजाचे आकडे व्हिडिओ चित्राच्या ओळींमध्ये बसवले गेले. एका ओळीत ३ मापे, एका क्षेत्रात वापरण्याजोग्या २९४ ओळी, सेकंदाला ५० क्षेत्रे. गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतो. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी आणि ६० क्षेत्रे, तरी उत्तर तेच. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने तोच आकडा घेतला. चित्रपट, टीव्ही आणि व्यावसायिक व्हिडिओच्या जगाने मात्र ४८,००० धरला, आणि आपले फोन व्हिडिओ घेताना त्याच वाटेने जातात. आजोबांची सीडी आणि मामेभावाचा व्हिडिओ म्हणूनच दोन घराण्यांचे.

डबा आणि आतला पदार्थ

दुसरी गोष्ट फाइलच्या नावाची. वेव्ह, एमपी३, एम४ए, ओपस ही नावे ऐकून आपल्याला वाटते की फरक फक्त शेवटच्या अक्षरांचा आहे. मग कुणीतरी शक्कल लढवतो आणि 'डॉट ओपस' पुसून 'डॉट एमपी३' लिहितो. डब्यावर साखर लिहिल्याने आतले मीठ गोड होत नाही. आतला पदार्थ तोच राहतो आणि एडिटर एक तर फाइल उघडत नाही किंवा भलतेच काही उघडतो.

मावशीची व्हॉइस नोट ओपस पद्धतीने दाबलेली असते. ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली आणि कमी जागेत बोलणे स्पष्ट ठेवण्यात ती फार चांगली आहे. आत्याची एम४ए फाइल वेगळ्या पद्धतीची. काही एडिटरना अशा फाइली उघडता याव्यात म्हणून एफएफएमपेग नावाची मोफत लायब्ररी वेगळी बसवावी लागते. ती एकदा बसवली की निम्मी भांडणे मिटतात.

फाइलीत नेमके काय आहे ते पाहायला मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. व्हीएलसी प्लेअरमध्येही कोडेकची माहिती दिसते. कागदावर पाच ओळींचा तक्ता करा. फाइल कुणाची, पद्धत कोणती, सॅम्पल रेट किती, मोनो की स्टिरिओ, लांबी किती. हा तक्ता करायला दहा मिनिटे लागतात आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

तीन लक्षणे, तीन औषधे

ट्रॅक जुळत नाहीत, अशी तक्रार आली की बहुतेक जण लगेच ट्रॅक ओढायला किंवा ताणायला लागतात. आधी लक्षण ओळखा.

पहिले लक्षण: एक ट्रॅक सुरुवातीपासून मागे आहे, आणि शेवटीही तितकाच मागे आहे. हा सॅम्पल रेटचा दोष नव्हे. हा निव्वळ उशीर आहे. एमपी३ आणि एएसी पद्धतीत फाइलच्या सुरुवातीला सेकंदाच्या काही शतांशांइतकी शांतता चिकटू शकते. त्याहून मोठा गुन्हेगार ब्लूटूथ. मामेभावाने तुमचा तानपुरा ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत पेटी वाजवली असेल, तर त्याला तो सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा उशिरा ऐकू आला असेल, कधी त्याहूनही जास्त. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. तीत पाचवा हिस्सा सेकंद म्हणजे जवळजवळ पाऊण मात्रेच्या निम्म्याहून जास्त. सम चुकली असे वाटणारच. औषध सोपे आहे. ट्रॅक तेवढा डावीकडे सरकवा. आणि पुढच्या वेळी वायरचे इअरफोन लावायला सांगा.

दुसरे लक्षण: सुरुवातीला सगळे जुळलेले आहे, पण हळूहळू एक ट्रॅक मागे किंवा पुढे जातो. सूर मात्र ठीक वाटतो. हे दोन फोनमधल्या घड्याळांचे भांडण. प्रत्येक यंत्रात माप घेण्याची वेळ सांगणारा एक छोटा स्फटिक असतो, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोघांत दहा लाखांत पन्नास इतका फरक असेल, तर एका तासात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. पाच मिनिटांच्या आरतीत हे कुणालाही कळणार नाही. तासाभराचे कीर्तन दोन फोनवर टिपले असेल, तर शेवटी टाळ दोनदा वाजल्यासारखे ऐकू येतात. औषध: ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवून घ्या. दोन टाळ्यांमधले अंतर दोन्ही ट्रॅकवर मोजा आणि एका ट्रॅकचा वेग तेवढ्याच किंचित प्रमाणात बदला. इतका सूक्ष्म बदल कानाला कळत नाही.

तिसरे लक्षण: आवाजच बदलला आहे. आजोबा तरुण, घाईत आणि चिरक्या स्वरात गात आहेत, किंवा आत्या झोपेत बोलल्यासारखी जड वाटते आहे. हा खरा सॅम्पल रेटचा रोग. ४४,१०० ने घेतलेली मापे एडिटर ४८,००० च्या वेगाने वाजवतो आहे, किंवा उलट.

हा फरक किती मोठा, ते पेटीवर पाहू. आजोबांनी काळी एकमध्ये गायलेले चार मिनिटांचे भजन असे चुकीचे वाजले, तर ते ३ मिनिटे ४० सेकंदांतच संपते. वेग जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढतो. आणि सा कुठे जातो? जवळपास दीड पट्टी वर, म्हणजे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध. तिथे पेटीला पट्टीच नाही. मामेभावाने कितीही मन लावून साथ केली असली, तरी ती त्या आजोबांशी कधीच जुळणार नाही. मग आपण म्हणतो, "आजोबांचा सूर थोडा हलत असावा." आजोबांचा सूर हललेला नसतो. आपण त्यांना भलत्या गिअरमध्ये घातलेले असते.

पाटी बदलणे वेगळे, माल बदलणे वेगळे

चांगले एडिटर ही गडबड स्वतःहून टाळायचा प्रयत्न करतात. आर्डर फाइल आत घेतानाच ती प्रोजेक्टच्या सॅम्पल रेटला बदलून घेतो. ऑडॅसिटी आणि रीपर वेगवेगळ्या रेटचे ट्रॅक शेजारी ठेवतात आणि वाजवताना हिशेब जुळवतात. मग गोंधळ होतो कुठे?

तो होतो आपल्या हातून. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूमध्ये 'रेट' असा पर्याय आहे. ट्रॅकवर ४४,१०० दिसते, बाकीच्यांवर ४८,०००. मनात येते की सगळे सारखे करून टाकू, आणि आपण तिथे ४८,००० निवडतो. या पर्यायाने माल बदलत नाही, फक्त पाटी बदलते. जुन्याच मापांना एडिटर नव्या वेगाने वाजवू लागतो आणि आजोबा दीड पट्टी वर जातात. खरे रूपांतर करायचे तर ट्रॅक्सच्या मेनूतले 'रीसॅम्पल' वापरावे लागते. त्यात एडिटर जुन्या मापांवरून मूळ लहर बांधतो आणि तिची नव्या वेगाने नवी मापे घेतो. सूर आणि लांबी दोन्ही जागेवर राहतात.

म्हणून एक खूण लक्षात ठेवा. रूपांतरानंतर फाइलची लांबी मिनिट-सेकंदांत बदलली असेल, तर पाटी बदलली आहे. लगेच अनडू करा.

उलट, फाइल तुमच्याकडे येण्यापूर्वीच कुणी चुकीची पाटी लावली असेल, तर तोच 'रेट' पर्याय औषध ठरतो. भजन ऐकून आवाज चिरका वाटला, तर ४८,००० च्या जागी ४४,१०० करून ऐका. आजोबा परत आले, तर रोग तोच होता.

अशा वेळी 'टेम्पो' किंवा 'पिच' बदलणारे इफेक्ट वापरू नका. टेम्पोचा इफेक्ट सूर तसाच ठेवून लांबी ताणतो, पिचचा इफेक्ट लांबी ठेवून सूर ओढतो. चुकीच्या वेगाने बिघडलेल्या आवाजात दोन्ही एकदम बिघडलेले असतात, म्हणून ते दुरुस्तही एकदमच व्हायला हवेत. एकेक करून ओढलेला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

हा त्रास कॉम्प्युटरने आणलेला नाही

वेगाची ही भानगड ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. '७८ ची तबकडी' आपण सहज म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी भरलेल्या नसत. कंपनीप्रमाणे, काळाप्रमाणे वेग बदलत असे. त्या तबकड्या आज सरसकट ७८ ने वाजवल्या, तर गायकाची खरी पट्टी हाती लागतेच असे नाही.

चित्रपटांचेही तसेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा टीव्ही २५ ने. जुना चित्रपट टीव्हीसाठी किंवा व्हिडिओ कॅसेटसाठी उतरवताना तो बहुधा थोडा वेगाने पळवला जाई. त्यामुळे त्यातली गाणी साधारण चार टक्के जलद आणि अर्ध्या पट्टीहून जास्त वर जात. तबकडीवरचे गाणे आणि टीव्हीवरचे तेच गाणे पेटीवर जुळेना, अशा जुन्या तक्रारीमागे हे साधे गणित असू शकते.

कॅसेट तर घराघरात आली. १९६३ मध्ये फिलिप्सने आणलेल्या या कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. पण घरच्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि रबरी पट्टा जुना झाला, की हा वेग एक-दोन टक्के सहज इकडेतिकडे होतो. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर, तिथून तिसऱ्यावर प्रती काढताना प्रत्येक यंत्राची चूक त्यात मिसळत जाते.

आपल्या माळव्यासाठी हा विषय परका नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले ते देवासमध्येच. तानपुरा जुळवण्याबद्दल त्यांचा आग्रह किती होता, हे त्यांच्या मैफली ऐकलेल्या कोणत्याही ज्येष्ठांना विचारा. त्यांचे गाणे लहानपणच्या तबकड्यांपासून एलपी, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे आणि रसिकांनी मैफलींत भरलेल्या टेपांपर्यंत अनेक रूपांत उरले आहे. ज्या गवयाने जुळलेल्या तानपुऱ्याशिवाय तोंड उघडले नसते, त्याचे गाणे आपण ढिल्या पट्ट्याच्या टेपवरून उतरवलेल्या, पुन्हा चुकीच्या रेटने चढवलेल्या फाइलीत ऐकायचे, ही त्या आग्रहाची थट्टाच. आणि हा नियम मोठ्या कलावंतांपुरता कशाला ठेवायचा? आजोबांनीही भजनाला बसण्यापूर्वी पेटीवर सा धरलाच होता.

घरच्या कॅसेटसाठी एक घरगुती कसोटी आहे. आजोबा ज्या पेटीवर गात ती पेटी अजून माळ्यावर असेल, तर ती खाली काढा. कॅसेटमध्ये पेटीचा सूर ऐका आणि तीच पट्टी दाबून पाहा. पेटीच्या स्वरांत वर्षांनी थोडा फरक पडतो, पण तो फार मोठा नसतो. कॅसेटमधला सूर त्याहून स्पष्ट वर किंवा खाली असेल, तर टेपचा वेग चुकलेला आहे. मग दोन्ही सूर मिळेपर्यंत 'स्पीड' बदला. दोन टक्के वेग म्हणजे साधारण एक तृतीयांश पट्टी, हे प्रमाण लक्षात ठेवले की अंदाज लवकर येतो.

आजीचा 'च'

आता पाचव्या फाइलीकडे, पुरणाच्या प्रमाणाकडे येऊ. ८,००० सॅम्पल रेटच्या फाइलीत ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच टिकत नाही. रेटच्या निम्म्यापर्यंतच ध्वनी साठवता येतो, हा गणिताचा नियम आहे. पण 'स', 'श' यांसारख्या घासून निघणाऱ्या आवाजांचा बराच जीव त्याच्या वरच असतो. म्हणून जुन्या फोनवर 'स' आणि 'फ' सारखेच ऐकू येतात.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. 'चांगला' मधला च दातांजवळून येतो, 'चार' मधला टाळूवरून. 'जरा' आणि 'जेवण' मधल्या ज चेही तसेच. लिपीत दोन्ही एकच दिसतात, म्हणून हा फरक फक्त ऐकून शिकता येतो. हिंदीत पहिला उच्चार नाही. इंदूर, देवास, धार, पीथमपूरमध्ये शाळा हिंदी-इंग्रजीत, मित्र हिंदीत, त्यामुळे आपल्यापैकी अनेक मुलांच्या तोंडी 'चांगला' हा 'चाचा'तल्या च ने येतो. आजीच्या तोंडी मात्र तो शाबूत आहे. तिचा आवाज जपायचा म्हणजे हे बारकावेही जपायचे. ते नेमके ध्वनीच्या वरच्या भागात असतात, आणि खराब रूपांतरात, जोरदार नॉइज रिडक्शनमध्ये, पुन्हापुन्हा एमपी३ करण्यात तेच आधी मरतात.

एएमआर फाइल ४८,००० ची वेव्ह केली म्हणून गेलेला 'स' परत येत नाही. भांडे मोठे झाले, दूध तेवढेच. रूपांतर करायचे ते फक्त बाकीच्या ट्रॅकबरोबर तिला बसता यावे म्हणून. खरा उपाय एकच. आजी आहे तोवर तिला चांगल्या फोनवर, पंखा बंद करून, फोन हातभर अंतरावर ठेवून, पुन्हा एकदा पुरणाचे प्रमाण विचारणे. ती रागावणार नाही. उलट या वेळी जायफळही सांगेल.

कामाचा क्रम

हे सगळे लक्षात घेऊन काम कोणत्या क्रमाने करावे, ते थोडक्यात.

१. नातेवाइकांना आधीच सांगा की फाइल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तशी पाठवली की मूळ फाइल जशीच्या तशी येते. व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो पुन्हा दाबला जातो.

२. आलेल्या सगळ्या मूळ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. काम नेहमी प्रतींवर.

३. वर सांगितलेला तक्ता करा.

४. प्रोजेक्टसाठी एकच रेट ठरवा. व्हिडिओबरोबर जायचे असेल किंवा फाइली फोनवरच्या असतील, तर ४८,००० बरा. सगळा आवाज सीडीवरचा असेल आणि तिथेच राहणार असेल, तर ४४,१०० चालेल. कॅसेट नव्याने उतरवत असाल, तर ४८,००० आणि २४ बिटच्या खाली जाऊ नका. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना 'आयासा' हीच किमान पातळी सांगते आणि शक्य असल्यास ९६,००० सुचवते. ४८,००० ची स्टिरिओ फाइल तासाला साधारण एक जीबी होते. आजच्या पेन ड्राइव्हला ती जड नाही.

५. प्रत्येक प्रतीचे त्या रेटला रीसॅम्पल करून वेव्ह फाइल बनवा. लांबी बदलली नाही ना, हे तक्त्याशी ताडून पाहा.

६. जुनी ध्वनिमुद्रणे आधी सुरात आणा, मग इतरांना त्यांच्याबरोबर गायला-वाजवायला सांगा. उलट केले तर मामेभावाला दोनदा वाजवावे लागेल.

७. जुळवाजुळव करताना लक्षण ओळखा: कायमचा उशीर असेल तर सरकवा, वाढत जाणारा असेल तर किंचित वेग बदला, आवाज बदलला असेल तर रेट तपासा.

८. एमपी३ किंवा एम४ए सगळ्यात शेवटी आणि एकदाच. ती वाटण्यासाठी. जपण्यासाठी वेव्ह आणि मूळ फाइली, दोन वेगळ्या जागी.

शेवटी एक तपासणी राहते, ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तयार झालेला भाग घरातल्या अशा माणसाला ऐकवा, ज्याने आजोबांना प्रत्यक्ष गाताना ऐकले आहे. त्याला काही सांगू नका. फक्त विचारा, "हे आजोबाच ना?" तो लगेच हो म्हणाला, तर फाइल पाठवायला हरकत नाही. तो क्षणभर थांबला, तर तक्ता पुन्हा काढा. कारण दहा वर्षांनी ते उत्तर देणारे कुणी नसेल. नातवंडांना आजोबांचा जो आवाज माहीत असेल, तो तुम्ही आज बनवलेल्या फाइलीतलाच असेल.

पुढच्या वेळी, माळ्यावर सापडलेली चिकटलेली, गुंता झालेली कॅसेट वाजवण्यापूर्वी काय करावे आणि काय मुळीच करू नये, ते पाहू. तोवर ती कॅसेट उन्हात ठेवू नका आणि कुणाला पेन्सिलीने फिरवू देऊ नका.